वाचकांचे प्रश्न : स्लगर सर्वांत शेवटी

शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलेले आणि पुढे नोकरी-व्यवसायात गुंतून गेलेले अनेक वाचक आता पस्तिशी-चाळिशीत पुन्हा मैदानात उतरू पाहत आहेत, असे या महिन्यात आलेल्या पत्रांवरून दिसते. स्पर्धा नको, पंचांचा बडगा नको, रविवारी सकाळी दोन तास खेळायचे आणि हिवाळ्यात खेळानंतर शेतात भरिताचा बेत करायचा, एवढाच त्यांचा मानस आहे. बहुतेक पत्रांत ‘स्लगर कोणता घ्यावा?’, म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट कोणती घ्यावी, हा प्रश्न पहिल्याच ओळीत आहे. आम्ही मात्र पत्रांचा क्रम बदलून त्याला मागे ठेवले आहे आणि त्यामागे कारण आहे.

प्रश्न : आम्ही चौदा मित्र आहोत. चौघे शाळेत सॉफ्टबॉल खेळलेले आहेत, बाकीच्यांनी आयुष्यभर क्रिकेटच खेळले आहे. वर्गणी काढून साहित्य घ्यायचे आहे. सुरुवात कशापासून करावी?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : दुकानात जाण्यापूर्वी आपण स्लो पिच (चेंडू संथ, कमानीत टाकायचा) खेळणार की फास्ट पिच (चेंडू वेगाने टाकायचा), हे ठरवावे, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर अवलंबून असते. शाळेत आपले मित्र खेळले ते बहुधा फास्ट पिच असणार. त्यात पुरुषांसाठी पिचर (चेंडू टाकणारा) आणि होम प्लेट (बॅटरजवळची पाटी) यांमध्ये ४६ फूट, म्हणजे सुमारे १४ मीटर अंतर असते. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाने हाताखालून आलेला चेंडू बॅटरपर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात कसा पोहोचतो, ते समजते. स्लो पिचमध्ये हे अंतर ५० फूट असते, चेंडू जमिनीपासून किमान ६ फूट उंच जाईल अशी कमान काढून टाकावा लागतो आणि क्षेत्ररक्षणाला नऊऐवजी दहा खेळाडू असतात. आपल्या गटात दहाजण क्रिकेटचे आहेत आणि वीस वर्षांच्या खंडानंतर चांगला पिचर सहसा कोणाकडेच उरत नाही, म्हणून आमचा सल्ला स्लो पिचचा आहे. त्यात प्रत्येकाला चेंडू मारायला मिळतो आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) व बॅटर यांच्या संरक्षक साहित्यावर होणारा खर्चही कमी राहतो.

यानंतर पहिला पैसा ग्लोव्हवर खर्च करावा. सॉफ्टबॉल हे नाव फसवे आहे. बारा इंच परिघाच्या या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे साधारण १७८ ते १९८ ग्रॅम असते, तर क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे ‘सॉफ्ट’ म्हणवणारा चेंडू आपल्या ओळखीच्या ‘लेदर’पेक्षा जड आहे. आपले क्रिकेटवाले मित्र पहिल्या दिवशी तो मोकळ्या हाताने झेलायला जातील आणि सोमवारी कार्यालयात सुजलेली बोटे लपवत बसतील. शिकागोत १६ इंचांच्या मोठ्या चेंडूने ग्लोव्हशिवाय खेळण्याची जुनी परंपरा आहे, हे खरे. पण तो चेंडू वेगळा असतो आणि खेळता खेळता मऊ पडत जातो. १२ इंची चेंडूला ग्लोव्ह हवाच.

खर्च वाचवण्याचा एक मार्ग आपल्या मित्रांना शाळेपासून माहीत असेल. ग्लोव्ह फक्त क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला लागतात, त्यामुळे डाव संपला की ते मैदानातच ठेवायचे आणि दुसऱ्या संघाने तेच घालायचे. या हिशोबाने दोन संघांत मिळून दहा ग्लोव्ह पुरतात, आणि आपल्या चौदाजणांच्या गटाला सात-आठ ग्लोव्हांतही सुरुवात करता येईल. मात्र खरेदीपूर्वी गटात डाव्या हाताने फेकणारे किती आहेत, ते मोजावे. ग्लोव्ह फेकण्याच्या हातात नसतो, तर दुसऱ्या हातात असतो, आणि नेमका येथेच घोटाळा होतो. आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी दहा ग्लोव्ह बाहेरगावाहून मागवताना चिठ्ठीत ‘उजव्या हाताचे’ एवढेच लिहिले. दुकानदाराने आमचा शब्द प्रमाण मानून उजव्या हातात घालायचे दहा ग्लोव्ह पाठवले आणि गटात डावखुरा एकच होता. चूक आमची होती, म्हणून ते परत करण्याचा खर्चही आम्हीच सोसला. तेव्हापासून आम्ही ‘उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी, डाव्या हातात घालायचा’ असे पूर्ण वाक्य लिहितो आणि आपणही तसेच लिहावे.

मापाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ग्लोव्हचे माप तर्जनीच्या टोकापासून खळग्यातून (चेंडू बसतो त्या खोलगट भागातून) मनगटाजवळच्या टाचेपर्यंत मोजतात आणि ते बहुधा अंगठ्यावर किंवा करंगळीवर इंचांत छापलेले असते. फास्ट पिचमध्ये आतल्या क्षेत्रातील खेळाडू साडेअकरा ते साडेबारा इंचांचा ग्लोव्ह वापरतात, कारण त्यांना चेंडू चटकन बाहेर काढून फेकायचा असतो, तर बाहेरच्या क्षेत्रातील खेळाडूंना पल्ला लागतो म्हणून ते साडेबारा-तेराच्या आसपासचा घेतात. रविवारी खेळणाऱ्या गटात आज थर्ड बेसवर (धावताना गाठायच्या तिसऱ्या ठाण्यावर) असलेला माणूस पुढच्या डावात लेफ्ट फील्डला उभा असतो, तेव्हा सर्वांसाठी साडेबारा ते तेरा इंच हे माप धरावे. दुकानात बेसबॉलचे ग्लोव्हही मिळतात आणि ते दिसायला सारखेच असतात. पण बेसबॉलच्या चेंडूचा परिघ नऊ इंचांच्या थोडा पुढे असतो आणि त्यांचा खळगा त्याच बेताचा असतो, त्यामुळे सॉफ्टबॉल त्यात पूर्ण बसत नाही आणि झेललेला चेंडू बाहेर उडतो. म्हणून ग्लोव्ह पाहायला जाताना एक सॉफ्टबॉल सोबत न्यावा, तो खळग्यात ठेवून हात उलटा करावा आणि चेंडू पडतो का, ते पाहावे. आपल्याकडे येणारे साहित्य बरेचसे मेरठ आणि जालंधर येथे तयार होते आणि त्यात उत्तम मालापासून शोभेच्या मालापर्यंत सर्व काही असते. वरच्या चामड्यापेक्षा बोटांना जोडणारी वादी आधी ओढून पाहावी, कारण स्वस्त ग्लोव्ह प्रथम तेथेच तुटतो.

ग्लोव्हनंतर सहा चेंडू, त्यानंतर दोन हेल्मेट आणि कॅचरचा मास्क घ्यावा, मग बेस, आणि उरलेल्या पैशांत एक किंवा दोन स्लगर घ्यावेत. ग्लोव्ह दहा हातांत असतो, स्लगर एका वेळी एकाच हातात असतो. तरीही प्रत्येक गट वर्गणीतला मोठा वाटा स्लगरवर उडवतो, कारण तो चकाकतो.

प्रश्न : आम्ही धुळ्यातील तीस ते पंचेचाळीस वयाच्या अकरा महिला आहोत. आमच्यापैकी दोघी महाविद्यालयात खेळल्या आहेत. पुरुषांचे ग्लोव्ह हातात सैल होतात आणि चेंडू मुठीत मावत नाही. वेगळे साहित्य मिळते का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : मिळते, आणि आपण जी अडचण सांगितली आहे ती हाताच्या मापाची आहे, खेळातील कमतरतेची नव्हे. महिलांच्या स्लो पिचमध्ये ११ इंच परिघाचा चेंडू वापरतात, ज्याचे वजन साधारण १६६ ते १७४ ग्रॅम असते. आपण स्लो पिच खेळत असाल तर निःसंकोच तोच घ्यावा, म्हणजे फेक नेमकी होईल आणि खांद्यावरचा ताणही कमी होईल. फास्ट पिच खेळायचे असेल, तर महिलांसाठीही १२ इंचांचाच चेंडू असतो आणि पिचिंगचे अंतर ४३ फूट असते.

ग्लोव्ह घेताना बाहेरच्या मापापेक्षा आतील बोटांची जागा आणि मनगटाचा पट्टा पाहावा. फास्ट पिचसाठी म्हणून बनवलेल्या अनेक ग्लोव्हांत बोटांच्या खोबणी अरुंद आणि पट्टा आवळता येणारा असतो, तर खळगा मोठ्या चेंडूला पुरेल एवढा खोल असतो. तसा न मिळाल्यास मुलांचा ११ इंची ग्लोव्ह घेण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण त्याचे चामडे पातळ असते आणि प्रौढ हाताने फेकलेला चेंडू तळहातावर झणझणतो. पट्टा आवळूनही ग्लोव्ह सैल राहत असेल, तर आत पातळ सुती हातमोजा घालावा. घामासाठीही त्याचा उपयोग होतो, आणि धुळ्याच्या मार्चमध्ये तो हवाच.

आणखी एक सूचना आपण विचारलेली नसतानाही करतो. पिचर आणि थर्ड बेसवरील खेळाडू यांच्यासाठी जाळीचा फेस गार्ड घ्यावा. मारलेला चेंडू सर्वांत लवकर याच दोघींच्या तोंडाशी येतो. पुरुषांच्या गटांनाही हेच लागू आहे. फक्त ते ऐकत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे क्रिकेटचे संपूर्ण साहित्य आहे. तेच वापरून सॉफ्टबॉल खेळता येईल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : थोडेसे येईल. सेंटर गार्ड (जांघेचे संरक्षक कवच) अवश्य वापरावा. कॅचरने तर तो घातल्याशिवाय बसूच नये. स्लो पिचमध्ये बॅटरने तात्पुरते क्रिकेटचे हेल्मेट घातले तरी चालेल. ९.७ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू त्याच्या जाळीतून आत शिरणार नाही; पण त्या हेल्मेटची रचना आणि चाचणी वेगळ्या चेंडूसाठी झालेली असते, म्हणून दोन्ही कान पूर्ण झाकणारे सॉफ्टबॉलचे हेल्मेट शक्य तितक्या लवकर घ्यावे. कॅचरला क्रिकेटचे हेल्मेट देऊ नये, कारण त्यात गळा उघडा राहतो आणि बॅटला निसटता लागलेला चेंडू नेमका तेथे येतो.

यष्टिरक्षकाचे दोन ग्लोव्ह निरुपयोगी आहेत, कारण फेकायला एक हात मोकळा हवा. फलंदाजीचे जाड ग्लोव्ह घातले तर दोन्ही हात मुठीवर एकमेकांना चिकटून बसत नाहीत. पॅड बांधून बेसपर्यंत धावणे तर स्वतःची फजिती करून घेणे आहे. यष्टिरक्षकाचे आखूड पॅड कॅचरला काही दिवस चालतील, पण त्यांत पावलाचा वरचा भाग झाकला जात नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

बुटांविषयी आमचे मत ठाम आहे. लोखंडी खिळ्यांचे बूट गटात कोणालाही घालू देऊ नयेत. बेसवर दोन पाय एकाच वेळी येतात आणि त्यातला एक खिळ्यांचा असला की दुसरा टाक्यांचा होतो. रबरी स्टडचे बूट घ्यावेत, तेही बुटके आणि दाट स्टडचे. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात फरशीसारखी टणक होते, तिच्यात लांब स्टड रुतत नाहीत आणि घोटा मुरगळतो. पावसाळ्यात त्याच स्टडांना चिखल चिकटून प्रत्येक पाय किलोभराचा होतो.

प्रश्न : बेस विकत घ्यावेत की करून घ्यावेत? आमच्या मैदानाची जमीन फार कठीण आहे.
— एक वाचक, शहादा

उत्तर : करून घेता येतात. नियमाप्रमाणे बेस १५ इंच, म्हणजे ३८.१ सेंटिमीटर चौरस आणि जास्तीत जास्त ५ इंच जाडीचा असतो. कॅनव्हासची पिशवी शिवून तीत टाकाऊ कापूस गच्च भरून देणे हे कोणत्याही गादीवाल्याचे तासाभराचे काम आहे, आणि कापूस तर आपल्या जिल्ह्याला बाहेरून आणावा लागत नाही. होम प्लेट पाच कोनांची आणि पुढून १७ इंच रुंद असते. ती मात्र जाड रबराच्या पत्र्यातून कापावी आणि जमिनीशी सपाट बसवावी.

बेस जागेवर ठेवण्यासाठी कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती बंद करावी. सुटा बेस सरकतो आणि खुंटीचा बेस पाय मोडतो, अशा पेचात अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी मनोरंजनासाठी खेळणाऱ्या प्रौढांच्या सॉफ्टबॉल सामन्यांची तुलना केली होती. घट्ट रोवलेल्या बेसऐवजी जोराचा धक्का लागताच आपल्या बैठकीतून सुटणारे बेस वापरले, तेव्हा घसरताना होणाऱ्या दुखापती सुमारे ९६ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. असे बेस महाग पडत असतील आणि जमीन आपण म्हणता तशी असेल, तर घसरण्यालाच मनाई करावी आणि पातळ रबरी चटईचे बेस टाकावेत. आमच्या गटात हाच नियम आहे. बेसच्या पुढे धावत गेले तरी कोणाला बाद धरत नाहीत.

फर्स्ट बेस मात्र दुहेरी करावा. १५ बाय ३० इंचांच्या या बेसचा पांढरा अर्धा भाग मैदानाच्या आत आणि नारिंगी अर्धा भाग रेषेबाहेर असतो. मारून धावणाऱ्याने नारिंगी भागावर पाय द्यायचा आणि क्षेत्ररक्षकाने पांढऱ्यावर, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. दोन बेस शेजारी शेजारी शिवून एक रंगवला की झाले. बेसमधील अंतर फास्ट पिचला ६० फूट ठेवतात. स्लो पिचला ६५ फूट ठेवावे आणि गुडघे तक्रार करू लागले तर साठावर यावे. फक्की टाकताना कळीच्या चुन्याची पूड वापरू नये, ती डोळ्यांत गेली तर फार वाईट.

प्रश्न : माझ्या भाच्याने परदेशातून कंपोझिट बॅट आणून दिली आहे. मित्र म्हणतात ॲल्युमिनियमचा साधा स्लगरच बरा. कोणाचे ऐकावे? आणि वजन किती असावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आता स्लगरविषयी. नियमाने सॉफ्टबॉलच्या बॅटची लांबी ३४ इंचांपेक्षा, जाडी सव्वादोन इंचांपेक्षा आणि वजन ३८ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १,०७७ ग्रॅमपेक्षा जास्त असू नये. याचा अर्थ ३८ औंसांची घ्यावी असा नाही. क्रिकेटमध्ये ११०० ते १३०० ग्रॅमच्या बॅटची सवय झालेला माणूस जड स्लगर उचलतो, ‘यातच दम आहे’ असे म्हणतो आणि तिसऱ्या डावात चेंडू गेल्यावर स्लगर फिरवतो. क्रिकेटचा फटका पुष्कळदा चेंडूच्या वेगावर जातो. स्लो पिचच्या कमानदार चेंडूला वेगच नसतो, तो आपल्या मनगटांनी द्यावा लागतो. ३३ किंवा ३४ इंच लांब आणि २६ ते २८ औंस, म्हणजे ७४० ते ८०० ग्रॅमचा स्लगर बहुतेक प्रौढांना पुरतो. तो एका हाताने खांद्याच्या रेषेत समोर धरून सावकाश तीस आकडे मोजावेत. हात थरथरू लागला तर एक पायरी हलका घ्यावा.

आपल्या कंपोझिट (कृत्रिम तंतू आणि राळ यांच्या मिश्रणाच्या) बॅटबद्दल बोलायचे तर ती चांगलीच असेल; पण भुसावळच्या हवामानाचा विचार तिच्या निर्मात्याने केलेला नाही. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली कंपोझिट बॅट वापरू नये, ती तडकू शकते, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे भरिताच्या हंगामात सकाळी सातला ती बाहेर काढू नये. नव्या बॅटला पहिले दीडशे-दोनशे फटके मध्यम जोराचे द्यावेत आणि प्रत्येक फटक्यानंतर ती थोडी फिरवावी, म्हणजे तिचा पृष्ठभाग सगळीकडून सारखा मोकळा होतो. त्यानंतर तिच्यावरून चेंडू इतक्या जोरात सुटतो की समोर ५० फुटांवर उभ्या असलेल्या पिचरचा विचार करावा लागतो. आपल्या पिचरकडे फेस गार्ड नसेल, तर ही बॅट घरीच ठेवावी, असे आम्ही स्पष्ट सांगू. ॲल्युमिनियमच्या एकसंध स्लगरला पोचे पडतात, त्याचा आवाज बदलतो, पण तो दहाजणांच्या हातून वर्षानुवर्षे फिरतो. गटाच्या मालकीचा म्हणून तोच घ्यावा. या बाबतीत आपले मित्र बरोबर आहेत.

एक सावधगिरी. गाडीच्या सीटखाली ‘असावी सोबत’ म्हणून ठेवण्यासाठी जी बेसबॉल बॅट विकली जाते, तिने खेळू नये. तिची जाडी सॉफ्टबॉलच्या मर्यादेपेक्षा पुष्कळदा जास्त असते आणि मुठीचा गड्डू नीट बसवलेला नसतो. नियमाला हा गड्डू किमान पाव इंच बाहेर आलेला आणि पकड १० ते १५ इंच लांब हवी असते, आणि ही अट घामाने निसटलेली बॅट कोणाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून आहे. पकड सैल झाली तर क्रिकेटच्या दुकानातली रबरी ग्रिप चढवून घेता येते.

प्रश्न : चेंडूवर ५२/३०० किंवा ४४/३७५ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : पहिला आकडा चेंडू किती उसळतो त्याचा (०.५२ किंवा ०.४४) आणि दुसरा चेंडू पाव इंच दाबायला किती पाउंड जोर लागतो त्याचा. दुसरा आकडा जितका मोठा, तितका चेंडू टणक. आपल्यासारख्या गटाने ३०० घ्यावा. आकडे नसलेले चेंडू घ्यावे लागले, तर एकाच खोक्यातले घ्यावेत, म्हणजे निदान सगळे सारखे वागतील. पावसाळ्यासाठी आणि दवाच्या सकाळींसाठी चामड्यापेक्षा कृत्रिम आवरणाचा चेंडू बरा, कारण चामडे पाणी पिते आणि चेंडू जड होतो.

प्रश्न : उन्हाळ्यात सगळे साहित्य गाडीच्या डिकीतच पडून असते. काही बिघडते का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : बिघडते. बाहेर ४५ अंश असताना बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापते. चेंडूचा पॉलियुरेथेनचा गाभा उष्णतेने मऊ पडतो, बॅटच्या सांध्यांचे चिकटद्रव्य सैल होते आणि ग्लोव्हचे चामडे कडक होऊन वाद्या तडकतात. साहित्य घरात, पलंगाखाली ठेवावे. ग्लोव्ह ओला झाला तर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावा. गच्चीवर कुरडया-पापडांच्या शेजारी ठेवू नये. वर्षातून दोन-तीनदा चामड्याचे मलम बोटभर घेऊन फडक्याने पुसावे. खोबरेल तेल चोपडू नये, त्याने ग्लोव्ह जड होतो आणि पावसाळ्यात खवट वास येतो. नवा ग्लोव्ह मऊ करण्यासाठी त्याला पाण्यात बुडवू नये की तव्यावर शेकू नये. खळग्यात चेंडू ठेवून दोरीने बांधून रात्रभर ठेवावा आणि दिवसा कोणाला तरी समोर उभे करून झेला-फेकी करावी. घरात मूल असेल तर तेही चालते, फक्त चेंडू टेनिसचा घ्यावा.